एका आठवड्यात जन्मलेली माणसं

१९४६ सालच्या मार्च महिन्यातला एक आठवडा : रविवार, ३ तारखेपासून शनिवार, ९ तारखेपर्यंतचा. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये त्या सात दिवसांत जी बाळं जन्माला आली, त्यांतल्या बहुतेकांच्या घरी साधारण दोन महिन्यांनी एक परिचारिका प्रश्नांची लांबलचक यादी घेऊन आली. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. लोणी, साखर, मांस, कपडे, सगळं रेशनवर मिळत होतं. अशा दिवसांत ती बाळंतिणीसमोर बसून विचारत होती : बाळंतपण घरी झालं की रुग्णालयात? कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून काही दिलं का? बाबागाडी केवढ्याला पडली? बाळाच्या कपड्यांवर किती खर्च झाला, स्वतःच्या कपड्यांवर किती? तुम्ही बाळंतपणात पडून होतात तेव्हा घरचं कोण बघत होतं?

अशा १३,६८७ आया बोलल्या. ही माहिती गोळा करायचं कारण तसं सरळ होतं. युद्धापूर्वी ब्रिटनमधला जन्मदर घसरत गेला होता आणि बाळंतपणाचा खर्च परवडत नाही म्हणून लोक मुलं होऊ देत नाहीत की काय, अशी शंका होती. पाहणीचं काम जेम्स डग्लस या तिशीतल्या डॉक्टरकडे आलं. उत्तरं जुळवून पाहिल्यावर जन्मदराच्या पलीकडचं चित्र त्याच्यापुढे उभं राहिलं. गरीब घरात जन्मलेलं बाळ दगावण्याचा धोका सधन घरातल्या बाळापेक्षा कितीतरी जास्त होता. घरी बाळंत होणाऱ्या बायकांपैकी फार थोड्यांना वेदनाशामक वायू मिळत होता, कारण तो द्यायचं प्रशिक्षण बहुतेक सुइणींना दिलेलंच नव्हतं. १९४८ मध्ये हे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षी ५ जुलैला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि बाळंतपण मोफत झालं.

इथे काम संपायला हरकत नव्हती. पण डग्लसच्या मनाने घेतलं की ही बाळं पुढे कशी वाढतात ते बघायचं. त्याने त्यांतली ५,३६२ निवडली आणि त्यांचा माग धरला : दोन वर्षांची असताना, चार वर्षांची असताना, शाळेत गेल्यावर, नोकरीला लागल्यावर, लग्न झाल्यावर. डग्लस निवृत्त झाला, त्याच्यामागून मायकल वॉड्सवर्थ आला, त्याच्यामागून डायना कु. पाहणारी माणसं बदलत गेली, पाहणं मात्र थांबलं नाही. ती बाळं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना अजूनही अभ्यासगटाकडून वाढदिवसाचं शुभेच्छापत्र येतं आणि त्यांचं वजन, रक्तदाब, स्मरणशक्ती यांची नोंद अजूनही होते. माणसांचा एक गट पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत इतक्या सातत्याने पाहिला गेल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत.

पुढून मागे आणि मागून पुढे

अशा अभ्यासाला बर्थ कोहॉर्ट म्हणतात. आपण त्याला जन्मगट म्हणू. एका ठरावीक काळात जन्मलेली माणसं घ्यायची आणि त्यांच्याबरोबर वर्षं मोजत पुढे जायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यातली ताकद कळायला त्याच्या उलटा रस्ता आधी बघावा लागतो.

साठीतल्या एखाद्या हृदयरोग्याला विचारा, लहानपणी घरात खायला पुरेसं होतं का, शाळेत लक्ष लागायचं का, वडील काय कमवायचे. तो मनापासून सांगेल, पण ती साठ वर्षांनी आठवलेली गोष्ट असेल. आजारी माणूस आजाराचं कारण शोधतच मागे वळून बघतो आणि सापडेल त्या आठवणीला ते चिकटवतो. शिवाय जे साठीपर्यंत पोचलेच नाहीत, त्यांना विचारायचं कोणी?

जन्मगटात मात्र नोंद आधी होते आणि परिणाम नंतर दिसतो. १९५० साली चार वर्षांच्या मुलीची उंची लिहून घेणाऱ्या परिचारिकेला त्या मुलीचं पुढे काय होणार याची कल्पना नव्हती, त्यामुळे तिच्या नोंदीवर कशाचीही सावली नाही. आधी काय घडलं आणि नंतर काय, हा क्रम कागदावर पक्का असतो. कारण शोधायचं तर या क्रमाइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही. माणसांवर प्रयोग करून काही मुलांना मुद्दाम गरिबीत वाढवता येत नाही. आयुष्य आपणहून जे प्रयोग करत असतं, ते नीट लिहून ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं.

मला सर्वांत थक्क करते ती या नोंदींची पुढच्या काळाला उपयोगी पडण्याची शक्ती. १९५८ मध्येही मार्चच्या त्याच तारखांना जन्मलेली सतरा हजारांहून अधिक बाळं निवडून दुसरा गट सुरू झाला. ही माणसं पंचेचाळिशीला आली तेव्हा परिचारिकांनी घरी जाऊन त्यांचं रक्त घेतलं आणि त्यातून डीएनए जपून ठेवला. २००७ साली मधुमेह, संधिवात, हृदयविकार अशा सात आजारांची जनुकीय मुळं शोधणारा एक मोठा ब्रिटिश अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांच्या जनुकांशी ताडून बघायला सर्वसामान्य माणसांची जनुकं हवी होती. त्यांतली सुमारे निम्मी या १९५८च्या गटातून आली. गट सुरू झाला तेव्हा डीएनएची रचना कळून जेमतेम पाच वर्षं झाली होती.

अकराव्या वर्षाची चाळणी

डग्लसच्या मुलांनी १९५७ मध्ये अकरावं वर्ष गाठलं. त्या काळी ब्रिटनमध्ये त्या वयाला परीक्षा होत असे. पास झालेली मुलं ग्रामर स्कूलमध्ये जात आणि पुढे विद्यापीठाची वाट त्यांना मोकळी होई. उरलेली साध्या शाळेत जात आणि बहुतेक पंधराव्या वर्षी कामाला लागत. या व्यवस्थेचं समर्थन असं केलं जाई की हुशार मूल झोपडीतलं असो वा हवेलीतलं, परीक्षेत ते वर येतंच.

डग्लसकडे त्या मुलांच्या आठव्या वर्षीच्या चाचण्यांचे गुण होते, घरची स्थिती ठाऊक होती आणि कोण कुठल्या शाळेत गेलं याचीही नोंद होती. १९६४ साली त्याने हिशेब मांडला. आठव्या वर्षी सारखीच कुवत दाखवणाऱ्या दोन मुलांपैकी सुखवस्तू घरातलं मूल ग्रामर स्कूलमध्ये पोचण्याची शक्यता कामगाराच्या मुलापेक्षा बरीच जास्त होती. आठ ते अकरा या तीन वर्षांतच त्यांच्या गुणांतलं अंतर वाढत गेलं होतं. कारणं गूढ नव्हती : दाटीवाटीचं घर, त्या भागातली शाळा, त्या जिल्ह्यात ग्रामर स्कूलच्या जागा किती. यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट ठळक दिसली. शाळेत जाऊन शिक्षकांना भेटणाऱ्या, मुलाच्या अभ्यासाची विचारपूस करणाऱ्या आईबापांची मुलं गरीब घरातही पुढे सरकत होती.

देशाची बुद्धिमत्ता अशी वाया जाते आहे, हे आता आकड्यांत दिसत होतं. १९६५ मध्ये सरकारने अकराव्या वर्षी मुलांची वाटणी न करणाऱ्या सर्वसमावेशक शाळांकडे वळण्याची सूचना स्थानिक शिक्षण मंडळांना केली. त्यामागे राजकारणही होतं, पण त्या वादात डग्लसचा पुरावा वजनदार ठरला.

चौथा महिना

१९५८चा गट मुळात एका दुःखातून जन्माला आला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये दर तीस बाळांमागे सुमारे एक बाळ मृत जन्मत होतं किंवा पहिल्या आठवड्यात जात होतं. बालरोगतज्ज्ञ नेव्हिल बटलर यांनी त्याची कारणं शोधायला ही पाहणी उभारली. तिच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, गरोदरपणात तुम्ही सिगारेट ओढता का? त्या काळी गरोदर बाईच्या हातात सिगारेट दिसली तर कोणी दचकत नसे.

१९७२ मध्ये बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले. चौथ्या महिन्यानंतरही धूम्रपान करणाऱ्या आयांची बाळं सरासरी १७० ग्रॅमने हलकी होती आणि बाळ पोटात किंवा जन्मानंतर लगेच दगावण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त होतं. धूम्रपान करणाऱ्या बायका मुळातच गरीब, कष्टकरी असतात, दोष परिस्थितीचा असेल, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. पण इथे आईचं वय, उंची, सांपत्तिक स्थिती, आधीची बाळंतपणं, सगळं नोंदवलेलं होतं. ते सारं जमेस धरूनही सिगारेटचा वाटा उरत होता. त्याहून सुंदर निष्कर्ष पुढचा होता. ज्या बायकांनी चौथ्या महिन्यापर्यंत सिगारेट सोडली, त्यांच्या बाळांचा धोका कधीच धूम्रपान न करणाऱ्या आयांच्या बाळांइतका खाली आला होता. वेळ निघून गेलेली नव्हती. डॉक्टरांना आपल्या समोरच्या गरोदर बाईला खात्रीने सांगता येईल अशी गोष्ट त्या नोंदींच्या ढिगातून निघाली.

याच गटाच्या दप्तरात आणखी एक ठेवा आहे. १९६९ मध्ये ही मुलं अकरा वर्षांची असताना त्यांना वर्गात बसवून निबंध लिहायला सांगितला : तुम्ही आता पंचवीस वर्षांचे आहात अशी कल्पना करा आणि तुमचं आयुष्य, घर, आवडीनिवडी, काम यांबद्दल लिहा. तेरा हजारांहून अधिक मुलांनी लिहिलं. ते कागद दशकानुदशकं मायक्रोफिल्मवर पडून होते. आता त्यांतले दहा हजारांहून अधिक निबंध जसेच्या तसे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, संगणकावर उतरवले गेले आहेत. अकरा वर्षांच्या मुलाने स्वतःबद्दल काय स्वप्न पाहिलं आणि पन्नाशीत तो कुठे पोचला, हे एकाच माणसाच्या बाबतीत शेजारी शेजारी ठेवून वाचता येतं. इतक्या माणसांचं बालपणीचं स्वप्न आणि त्यांचं घडलेलं आयुष्य अशी जोडी एकत्र सापडण्याचं स्थळ मला दुसरं माहीत नाही.

वरच्या पायरीवर कोण जातं?

तिसरा गट १९७०चा : ५ ते ११ एप्रिल, पुन्हा सतरा हजारांच्या आसपास बाळं. आता दोन पिढ्यांची तुलना शक्य झाली. गरीब बापाचा मुलगा सधन होण्याची शक्यता १९५८च्या पिढीत जास्त होती की १९७०च्या?

२००० नंतरच्या काही वर्षांत अर्थशास्त्रज्ञ जो ब्लँडन आणि सहकाऱ्यांनी आईबापांचं उत्पन्न आणि मुलांची तिशीतली कमाई ताडून पाहिली. त्यांना दिसलं की १९७०च्या पिढीत मुलाची कमाई आईबापांच्या उत्पन्नाशी आधीपेक्षा घट्ट बांधलेली आहे. मधल्या काळात विद्यापीठांच्या जागा वाढल्या होत्या, पण त्यांचा जास्त फायदा सुस्थितीतल्या घरांनी उचलला. या निष्कर्षाने ब्रिटिश राजकारण ढवळून निघालं. दुसरीकडे जॉन गोल्डथॉर्पसारख्या समाजशास्त्रज्ञांनी हरकत घेतली की उत्पन्नाऐवजी व्यवसायाचा वर्ग पाहिला तर असा बदल दिसत नाही. त्यांच्या मते युद्धानंतर खाणकामगारांची मुलं शिक्षक, अभियंते, व्यवस्थापक झाली, कारण तशा नोकऱ्याच मोठ्या संख्येने निर्माण झाल्या. वर जागा वाढल्या म्हणून लोक वर गेले. सधन आणि गरीब घरातल्या मुलांना मिळणाऱ्या संधीतलं प्रमाण फारसं हललं नव्हतं. हा वाद अजून धुमसतो आहे, आणि तो इतक्या नेमकेपणाने घालता येतो तो या नोंदींमुळेच.

त्याच काळात लिऑन फाइनस्टीन यांच्या एका आलेखाने अनेकांची झोप उडवली. १९७०च्या गटातल्या काही मुलांच्या चाचण्या २२ महिन्यांच्या वयापासून झाल्या होत्या. सुरुवातीला चमकणारी गरीब घरातली मुलं हळूहळू खाली येत होती, सुरुवातीला मागे असलेली सधन घरातली मुलं वर चढत होती आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांत दोन्ही रेषा एकमेकींना छेदत होत्या. मंत्र्यांच्या भाषणांत हा आलेख झळकला.

पुढे जॉन जेरिम आणि ॲना विन्योल्स यांनी त्यातली खोच दाखवली. दोन वर्षांच्याही आतलं मूल चाचणीच्या दिवशी झोपेत असेल, रुसलेलं असेल, किंवा उलट, विशेष खुशीत असेल. एका चाचणीत टोकाला गेलेली मुलं पुढच्या वेळी आपापल्या गटाच्या सरासरीकडे सरकतात, तो संख्यांचाच स्वभाव आहे. हे जमेस धरलं तर रेषा तितक्या नाट्यमय रीतीने छेदत नाहीत. श्रीमंत आणि गरीब मुलांतलं अंतर मात्र लहान वयापासून दिसतंच. अशी आवडती गोष्ट दुरुस्त करून घेण्याची तयारी हाही या कामाचा मोठेपणा आहे, कारण कच्चा माल इतर संशोधकांसाठीही खुला असतो आणि ते पुन्हा हिशेब करून बघू शकतात.

मग जन्म सगळं ठरवतो का? आपल्याकडे सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते असं म्हणतात आणि ते लिखाण कोणाला वाचता येत नाही. या अभ्यासांनी ते थोडंफार वाचून दाखवलं, आणि त्यातल्या बऱ्याच ओळी माणसांच्याच हातच्या निघाल्या. १९७०च्या गटातलं एक उदाहरण घ्या. ॲलिस सलिव्हन आणि मॅट ब्राउन यांनी पाहिलं की दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आवडीने वाचणारी मुलं त्या सहा वर्षांत शब्दसंपत्तीत पुढे गेली आणि गणितातही. पुस्तकं वारंवार वाचणं, वाचनालयात नियमित जाणं आणि सोळाव्या वर्षी वर्तमानपत्र वाचणं, या सगळ्यांचा एकत्रित लाभ आई किंवा वडील पदवीधर असण्याच्या लाभापेक्षा सुमारे चौपट होता. पदवीधर आईबाप कोणाला निवडून घेता येत नाहीत. वाचनालय मात्र गावाला उघडता येतं.

शरीराची स्मरणशक्ती

डग्लसची मुलं ५३ वर्षांची झाली तेव्हा परिचारिका पुन्हा घरी आल्या आणि तीन साध्या गोष्टी करायला लावल्या. एक यंत्र मुठीत धरून जोरात दाबायचं. खुर्चीवरून दहा वेळा उठायचं आणि बसायचं. डोळे मिटून एका पायावर जास्तीत जास्त तीस सेकंद उभं राहायचं. पुढच्या तेरा वर्षांत ज्यांचा मृत्यू झाला, त्यांत या चाचण्यांत मागे पडलेल्यांचं आणि त्या करताच न आलेल्यांचं प्रमाण ठळकपणे जास्त होतं. यांतली बहुतेक माणसं तोवर चालतीफिरती होती.

मुठीच्या जोराचा धागा मागे नेला तर तो पाळण्यापर्यंत जातो. जन्मवेळी ज्यांचं वजन जास्त होतं, त्यांची पन्नाशीतली पकड अधिक घट्ट होती. मोठेपणीची उंची आणि वजन लक्षात घेतल्यावरही हा संबंध टिकला. स्नायूंच्या तंतूंची संख्या मुख्यतः जन्माआधी ठरते, हे त्यामागचं संभाव्य कारण. सत्तरीच्या सुमारास याच गटातल्या सुमारे ५०० जणांच्या मेंदूचे स्कॅन लंडनमध्ये घेतले गेले. १९५४ साली, आठ वर्षांचे असताना, ज्यांनी शाळेतल्या चाचण्यांत चांगले गुण मिळवले होते, ते सत्तरीतही विचार आणि स्मृतीच्या चाचण्यांत सरस ठरले. आठ वर्षांच्या मुलाला उत्तेजन देणं हे म्हातारपणाच्या तब्येतीचंही काम आहे, असं वाक्य कोणी सहज म्हटलं असतं तर आपण ते सुविचारात काढलं असतं. इथे त्यामागे बासष्ट वर्षांची नोंद उभी आहे.

गट एकावर एक ठेवले की काळाचीही तपासणी होते. १९४६ची पिढी लहानपणी सडपातळ होती. तिचं वजन वाढलं ते बरंच उशिरा. त्यानंतरची प्रत्येक पिढी अधिकाधिक लहान वयात स्थूल होत गेली. लोकांचा स्वभाव पिढीगणिक इतका बदलत नाही, म्हणजे बदललं ते भोवतालचं अन्न आणि जगणं.

या कामाच्या उणिवाही खऱ्या आहेत. डग्लसने पुढच्या अभ्यासासाठी जुळी आणि अविवाहित आयांची मुलं घेतलीच नाहीत. म्हणजे ज्यांचं आयुष्य सर्वांत खडतर असण्याची शक्यता होती, त्यांतली कितीतरी पहिल्याच दिवशी यादीतून गळली. वर्षांगणिक माणसं पत्ता बदलतात, कंटाळतात, परदेशी जातात. गळतात त्यांत गरीब जास्त असतात, आणि मग उरलेलं चित्र असतं त्यापेक्षा उजळ दिसतं. १९७० नंतर तीस वर्षं ब्रिटनमध्ये देशव्यापी नवा गट सुरूच झाला नाही, ती पिढी निसटली. २०००–०२ मध्ये सुमारे १९,००० बाळांचा मिलेनियम गट सुरू झाला तेव्हा गरीब वस्त्या आणि भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी कुटुंबं असलेल्या वस्त्यांतून मुद्दाम जास्त बाळं घेतली. २०१५ साली मोठा गाजावाजा होऊन सुरू झालेला एक अभ्यास मात्र पुरेशा आया सहभागी होईनात म्हणून त्याच वर्षी गुंडाळावा लागला. सत्तर वर्षांचा विश्वास नव्याने मिळवणं सोपं नसतं.

पुणे जिल्ह्यातली सहा गावं

या साखळीतला एक तेजस्वी दुवा आपल्या मातीत आहे. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या संशोधकांच्या साथीने, पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. ब्रिटिश गट जन्मापासून सुरू होतात, इथे सुरुवात त्याच्याही आधी झाली. गावातल्या विवाहित स्त्रियांना दर महिन्याला भेटून कार्यकर्त्या पाळीची तारीख लिहून घेत. पाळी चुकली की गर्भाची नोंद अगदी पहिल्या आठवड्यांपासून सुरू. आई गरोदर होण्यापूर्वी कशी होती, हेही त्यामुळे कागदावर आलं.

त्या आयांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलोच्या आसपास. दिवसाला साधारण १,८०० कॅलरी पोटात जात, आणि गरोदरपणातही शेतातली कामं, पाणी भरणं चालूच. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं, तर साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीनच्या जवळ. इथवर अपेक्षित होतं. पण संशोधकांनी नवजात बाळाच्या अंगाची घडी चिमट्यात धरून त्वचेखालची चरबी मोजली तेव्हा ते चकित झाले. पुण्याची बाळं स्नायूंत कमी होती, पोटातल्या अवयवांतही कमी होती, पण चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला रोड आणि आतून मेदवान, असं हे भारतीय बाळ.

मोठ्या माणसांत हेच कसं दिसतं, ते डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांवरून दाखवलं. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे किडकिडीत माणसाला चाळिशीत मधुमेह कसा होतो, या कोड्याचं बरंचसं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

गावातल्या नोंदींनी आणखीही शिकवलं. बाळाच्या वाढीचा संबंध आईच्या एकूण कॅलरींपेक्षा तिच्या ताटातल्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी अधिक जुळला. भाकरी पोटभर मिळाली तरी तेवढ्याने भागत नव्हतं. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट हे जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देत होतं. मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा, सडपातळ असूनही, सुमारे ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत रक्तातल्या साखरेचा तोल बिघडू लागलेला दिसला.

इथे हा अभ्यास नुसता पाहत बसला नाही. २०१२ पासून याच गटातल्या किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं देऊन बघायला सुरुवात झाली, ती पुढे त्यांना होणाऱ्या बाळांवर नजर ठेवून. आजीच्या पाळीच्या तारखेपासून नातवाच्या जन्मापर्यंत असा हा प्रवास आहे.

ब्रिटनच्या आणि पुण्याच्या नोंदी शेजारी ठेवल्या की मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सुरुवातीचं ओझं खरं आहे, ते साठ-सत्तर वर्षं माणसाच्या अंगावर राहतं. पण ते ज्या गोष्टींनी बनलेलं असतं त्या अगदी साध्या आहेत : चौथ्या महिन्याआधी सोडलेली सिगारेट, शाळेत येऊन चौकशी करणारा बाप, गावातलं वाचनालय, पानातली पालेभाजी आणि वाटीभर दूध. यांतली एकही गोष्ट नशिबाच्या खात्यात टाकण्यासारखी नाही.

आपल्या अंगणवाड्यांत दर महिन्याला लाखो मुलांच्या वजनाची नोंद होते. महिन्याचा अहवाल गेला की तिचं काम बहुधा तिथेच संपतं. त्यातल्या काही हजार मुलांचा तरी माग पंचवीस-तीस वर्षं धरायचा असेल, तर पैसा आणि चिकाटी लागेल, आणि सुरू करणाऱ्याला शेवट बघायला मिळणार नाही हेही मान्य करावं लागेल. डग्लसने ते मान्य केलं होतं, सहा गावांतल्या बायकांनीही मान्य केलं. तोवर जेवढं कळलं आहे तेवढ्यावरही काम करता येतं. शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलीच्या ताटात आज काय पडतं, यावर तिच्या लेकराचा मधुमेह काही अंशी ठरत असावा. त्यामुळे मधुमेहाविरुद्धची मोहीम चाळिशीतल्या रक्ततपासणीपासून सुरू करणं म्हणजे दोन पिढ्या उशिरा जागं होणं आहे. ती बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या जेवणापासून सुरू व्हायला हवी.